महामार्गालगत केबल टाकायची, हमी तीन लाखांची: बीजी, एफडीआर की शुअरटी बाँड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरलगतच्या वाडी शहरातल्या एका गोदामाला ११ केव्हीची भूमिगत केबल द्यायची आहे. अमरावती रोडला समांतर साधारण १,२०० मीटर, मध्ये दोन ठिकाणी महामार्ग ओलांडायचा, आणि शेवटचे ३०० मीटर नागपूर शहराच्या हद्दीतल्या गल्ल्यांमधून. विचारणारे तरुण विद्युत ठेकेदार आहेत. महामार्गाच्या कार्यालयाने परवानगीआधी हमी मागितली. गोदाममालक म्हणतात, हमी तुम्हीच भरा. बँक म्हणते, बँक हमी (बीजी) हवी तर पूर्ण रकमेची एफडी ठेवा. आणि एक एजंट म्हणतो, 'दोन दिवसांत शुअरटी बाँड, म्हणजे विमा कंपनीची हमी, आणून देतो, मार्जिन (आधी अडकवायची रक्कम) नाही, एफडी नाही.' त्यांना विचारायचंय, यातलं कुणाचं ऐकायचं?

बँकेचं ऐका, गोदाममालकाशी भांडा आणि एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. कारणं आता सविस्तर सांगतो. मी पाइपलाइन आणि केबलच्या कामांतच आयुष्य काढलं आहे. हमी मिळत नाही म्हणून अडकलेले ठेकेदार मी थोडे पाहिले. हमी परत मिळत नाही म्हणून अडकलेले मात्र ढीगभर पाहिले. त्यामुळे 'बाँड कसा मिळवायचा' याच्या जोडीला 'तो सुटेल कसा' हेही पहिल्याच दिवशी विचारायचं असतं.

आधी रस्ता कोणाचा ते नक्की करा. गंमत वाटेल, पण नागपुरात हे काम सर्वांत जास्त वेळ खातं. रस्त्याचा काही भाग महापालिकेचा, काही नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) टाकलेल्या लेआउटमधला, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचा. हिंगणा आणि बुटीबोरीकडे एमआयडीसीचा. वाडीला तर स्वतःची नगर परिषद आहे, म्हणजे महामार्गाची हद्द संपली की लगेच महापालिकाच लागते असं नाही. राष्ट्रीय महामार्ग म्हटला की तो महामार्ग प्राधिकरणाकडेच (एनएचएआय) असतो, हाही गैरसमज आहे. काही लांबी बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असते. वर्धा रोडवर तर वर मेट्रो, मधल्या मजल्यावर ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता. तिथे खड्डा खणायचा तर किती साहेबांना नमस्कार घालावा लागेल, विचार करा. तुमच्या १,५०० मीटरसाठी दोन किंवा तीन वेगवेगळी कार्यालयं निघतील आणि प्रत्येकाची हमी वेगळी असेल. एकाच्या नावाची हमी दुसऱ्याला चालत नाही.

दुसरी गोष्ट, दोन रकमा वेगळ्या ओळखा. मागणीपत्रात 'रस्ता पुनर्स्थापना शुल्क' असेल तर ते पैसे गेले. त्या पैशातून कार्यालय स्वतः रस्ता नीट करणार. 'सुरक्षा ठेव' किंवा 'कार्यपूर्ती हमी' असेल तर रस्ता तुम्ही नीट करायचा आणि तो टिकला तर रक्कम परत. कधी कधी दोन्ही मागतात. तेव्हा लेखी विचारा, की पुनर्स्थापनेचा पूर्ण खर्च तुम्ही घेतला असेल तर हमी कशासाठी? उत्तर असतं बरेचदा: भराव आणि मलबा हटवणं तुमच्याकडे, वरचा डांबराचा थर आमच्याकडे. मग तेवढंच पत्रात लिहून घ्या. उद्या वरचा थर उखडला तर तो तुमच्या हमीवर येऊ नये.

आता रक्कम. रस्ते परिवहन मंत्रालयाने २०१६ च्या नोव्हेंबरात महामार्गालगतच्या युटिलिटींसाठी, म्हणजे केबल, पाइपलाइन वगैरेंसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या परवाना कराराच्या नमुन्यात बँक हमीचा हिशेब असा आहे: समांतर लांबीला मीटरमागे १०० रुपये आणि प्रत्येक क्रॉसिंगला १ लाख रुपये, सुरुवातीला एका वर्षासाठी, काम समाधानकारक होईपर्यंत वाढवता येईल अशी. तुमच्या बाबतीत १,२०० मीटरचे १ लाख २० हजार, दोन क्रॉसिंगचे २ लाख, एकूण ३ लाख २० हजार. मागणीपत्रातला आकडा याच्याशी ताडून बघा. फरक असला तर कोणत्या परिपत्रकाने, ते नम्रपणे विचारा. ही हमी कशासाठी, तेही त्याच नमुन्यात लिहिलं आहे: चर नीट भरून दाबणं आणि निघालेली माती-मलबा हटवणं. मलबा रस्त्याच्या हद्दीच्या कडेपासून किमान ५० मीटर लांब टाकायचा असतो. पुष्कळ जण केबल टाकतात, चर बुजवतात आणि मातीचे ढीग तसेच सोडून निघून जातात. हमी जप्त करायला तेवढं कारण पुरतं.

फायबर केबलवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक वाक्य: तुमची व्यवस्था वेगळी आहे, दूरसंचाराचे राइट ऑफ वे नियम २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, आधी ते वाचा.

आता मूळ मुद्दा, हमी म्हणजे काय. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीन माणसं आहेत: ज्याला हमी दिली तो, ज्याच्यासाठी दिली तो, आणि देणारा जामीनदार. तुमच्या प्रकरणात पहिला महामार्ग कार्यालय, दुसरे तुम्ही, तिसरी बँक किंवा विमा कंपनी. पुष्कळांना वाटतं की बाँड हा विमा आहे, प्रीमियम भरला, आता काही झालं तर कंपनी बघून घेईल. इथेच माणूस फसतो. विम्यात नुकसान कंपनीचं होतं. हमीत कंपनी आज पैसे देते आणि उद्या तुमच्या दारात उभी राहते. कलम १४५ ने तिला तो हक्क आपोआप मिळतो, शिवाय हमी काढताना तुम्ही आणि तुमच्या भागीदारांनी काउंटर इंडेम्निटीवर, म्हणजे कंपनीने दिलेले पैसे आम्ही भरून देऊ अशा लेखी कबुलीवर, सह्या केलेल्या असतात. बायकोच्या नावचा प्लॉट तारण दिला असेल तर तोही त्यात आला. थोडक्यात, भावाने जामीन राहावं तसं आहे. कर्ज त्याने फेडलं म्हणून तुमची सुटका होत नाही.

आणि चरात दुचाकीवाला पडला तर? त्याची भरपाई या बाँडमधून होत नाही. त्याला कंत्राटदाराची ऑल रिस्क पॉलिसी लागते, त्यात तृतीय पक्षाचं दायित्व घेतलेलं असावं. मजुरांसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी. हे विषय वेगळे आहेत, इथे थांबतो.

आता तीन पर्याय.

एफडीआर हा सर्वांत सरळ. कार्यालयाच्या नावे लिएन लावून, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय मोडता येणार नाही अशी नोंद करून, मुदत ठेवीची पावती द्यायची. व्याज तुमचंच. खर्च जवळपास शून्य. पण सगळी कार्यालयं ती घेत नाहीत, आणि घेतली तरी मूळ पावती फायलीत जाते. ठेवीची मुदत संपून ती आपोआप नूतनीकरण झाली आणि पावती जुनीच राहिली, की सोडवताना बँक आणि कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवतात. शहरातल्या ३०० मीटरसाठी रक्कम लहान असेल आणि मागणीपत्रात परवानगी असेल तर हेच करा.

बीजी, म्हणजे बँक हमी. ३ लाख २० हजारांची बीजी तुम्हाला १०० टक्के एफडीवर मागितली याचा राग मानू नका. तुमची बँकेत हमीची मर्यादा मंजूर नाही, म्हणून ते मागतात. मर्यादा असती तर दहा ते पंचवीस टक्के मार्जिनवर भागलं असतं. पण एवढ्याशा रकमेसाठी मर्यादा मंजूर करून घ्यायला बसलात तर ताळेबंद, तारण, मूल्यांकन यांत पावसाळा येईल. कमिशनचा हिशेब बघा. बँकेगणिक दर वेगळा, पण समजा वर्षाला २ टक्के धरला तर ६,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१५२, एकूण ७,५५२. एफडीवरचं व्याज यापेक्षा जास्त येतं. पूर्ण एफडी असेल तर कमिशनमध्ये सूट मागा, बहुतेक बँका देतात. तुमचा खरा खर्च म्हणजे ३ लाख २० हजारांचं खेळतं भांडवल अडकणं, तो हिशेब गोदाममालकाच्या कोटेशनमध्ये घाला.

इथे एक पोटमुद्दा आहे ज्यात बँका ठेकेदाराला गुपचूप जास्त कापतात. हमीची मुदत एक वर्ष, पण बँक म्हणते दाव्याची मुदत त्यापुढे आणखी एक वर्ष ठेवावीच लागेल, आणि कमिशन दोन वर्षांचं. कारण देतात करार कायद्याच्या कलम २८ च्या तिसऱ्या अपवादाचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एल अँड टी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलं की ते एक वर्ष न्यायालयात जाऊन हक्क बजावण्याच्या मुदतीविषयी आहे, हमीखाली दावा सादर करण्याच्या मुदतीविषयी नाही. शाखेत हा निकाल घेऊन गेलात म्हणून लिपिक उठून सलाम करणार नाही, पण व्यवस्थापकाशी बोलायला मुद्दा मिळतो. मात्र कार्यालयाच्या नमुन्यातच बारा महिन्यांची दावा मुदत लिहिली असेल तर वाद घालू नका. तेवढं कमिशन भरा.

तिसरा पर्याय, विमा कंपनीचा शुअरटी बाँड. तो खराच आहे, एजंटाने हवेतून काढलेला नाही. विमा नियामकाच्या मार्गदर्शक सूचना १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी खरेदीत बँक हमीऐवजी शुअरटी बाँड चालेल असं जाहीर झालं, आणि फेब्रुवारीत केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतही तशी दुरुस्ती झाली. देशातलं पहिलं असं उत्पादन बजाज अलियान्झने डिसेंबर २०२२ मध्ये आणलं, आपल्याच नागपूरच्या खासदारांच्या, म्हणजे गडकरींच्या हस्ते. प्राधिकरण आपल्या निविदांत असे बाँड घेतं.

मग तुम्ही का घेऊ नये? एक, मागणीपत्रात 'बँक हमी' लिहिलं असेल तर खिडकीवरचा माणूस बाँड घेणार नाही, आणि त्याचं चूकही नाही. वित्तीय नियमांतली दुरुस्ती खरेदी आणि कंत्राटांच्या सुरक्षा ठेवीसाठी आहे, केंद्राची आहे. तुमचं काम खरेदी नाही, परवानगी आहे. महापालिका आणि नगर परिषद आपापल्या नियमांनी चालतात. आधी लेखी विचारा, 'विमा कंपनीचा शुअरटी बाँड चालेल का', आणि उत्तर कागदावर येईपर्यंत प्रीमियम भरू नका. दोन, विमा कंपनीला ३ लाखांच्या बाँडमध्ये रस नसतो. त्यांना तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर आणि जीएसटी विवरणपत्रं, हातातल्या कामांची यादी, पूर्णत्वाचे दाखले, बँक मर्यादेचं मंजुरीपत्र, भागीदारांचा सिबिल, सगळं लागतं. एवढं वाचून ते काही हजार प्रीमियम कमावणार. लहान प्रोप्रायटरी फर्म असेल तर वरून तारणही मागतात, मग बँकेत आणि तिथे फरक काय राहिला? तीन, उद्या तुम्ही पाच-दहा कोटींची निविदा भराल, तेव्हा हाच बाँड तुमच्या कामाचा. बँकेची मर्यादा हमीत न अडकता कामाच्या पैशाला मोकळी राहते. म्हणून आतापासून ताळेबंद नीट ठेवा. शुअरटीवाला तारणापेक्षा तुमची कुवत आणि व्यवहार बघतो.

इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक उत्तरं अमेरिकेतली येतील: तिथल्या शहरांत रस्त्यात खोदकाम करायला परवाना बाँड काढणं हा रोजचा प्रकार आहे, ठेकेदार ऑनलाइन अर्ज करतो, लहान बाँड चटकन मिळतो. त्यांच्या बाजारामागे मोठा इतिहास आहे, संघराज्याच्या बांधकामांना बाँड सक्तीचा करणारा मिलर कायदाच १९३५ चा. ती उत्तरं वाचून अमरावती रोडचं काम ठरवू नका.

एजंटाबद्दल. शुअरटी विमा करार करायचा अधिकार नियामकाकडे नोंदणीकृत सर्वसाधारण विमा कंपन्यांनाच आहे. 'अमुक गॅरंटी कॉर्पोरेशन'चा छापील कागद, त्यावर सोनेरी शिक्का, हे कागद कार्यालयात टिकत नाहीत. बीजीसुद्धा खोटी निघते. म्हणून हल्ली कार्यालयं एसएफएमएस संदेशाशिवाय बीजी ग्राह्य धरत नाहीत: तुमची बँक हमी काढल्यावर त्यांच्या बँकेला थेट संदेश पाठवते आणि तिथून पडताळणी होते. त्यासाठी कार्यालयाच्या बँकेचं नाव, खाते आणि आयएफएससी मागणीपत्रातून घ्या. नसेल तर विचारून घ्या, कारण संदेश न गेल्याने बीजी पडून राहते आणि तुम्ही समजता काम झालं. बनावट कागद सादर झाला तर एजंट फोन बंद करतो आणि गुन्हा तुमच्यावर नोंदला जातो. काळ्या यादीत गेलं की नंतर कोण विचारतो!

आता बीजीचा मसुदा हातात घेऊन कसा वाचायचा, ते सांगतो, कारण हे कुणी शिकवत नाही. मसुदा कार्यालयाचा असतो, त्यात शब्द बदलायचा नाही. आधी लाभार्थीचं नाव. 'आयुक्त, नागपूर महानगरपालिका' आणि 'कार्यकारी अभियंता' हे वेगळे. प्राधिकरण असेल तर प्रकल्प संचालक की प्रादेशिक अधिकारी, मागणीपत्रात जसं आहे तसं अक्षर न् अक्षर. मग 'कशासाठी' हा परिच्छेद. त्यात परवानगी पत्राचा क्रमांक, दिनांक, किलोमीटरचा आकडा आणि रस्त्याची डावी-उजवी बाजू आली पाहिजे. नुसतं 'नागपूर येथील कामासाठी' असं लिहिलं तर ती हमी तुमच्या दुसऱ्या कुठल्याही कामाला जोडता येते. मग मधला लांबलचक मजकूर: मागणी येताच, कुठलीही हरकत न घेता बँक पैसे देईल, ठेकेदाराचा वाद चालू असला तरी देईल, अटी बदलल्या तरी बँकेची जबाबदारी कमी होणार नाही. हा मजकूर सगळीकडे सारखाच असतो, पण त्याचा अर्थ समजून घ्या. एरवी कलम १३३ प्रमाणे जामीनदाराला न विचारता अटी बदलल्या तर तो पुढच्या व्यवहारातून सुटतो. इथे ती सवलत सोडून दिलेली असते. आणि अशी हमी वटवायला न्यायालयाकडून स्थगिती मिळणं जवळपास अशक्य, गंभीर फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय दाखवला तरच. म्हणजे 'कोर्टात बघून घेऊ' हा मार्ग विसरा.

शेवटी 'नॉटविथस्टँडिंग'ने, म्हणजे 'वर काहीही लिहिलं असलं तरी' असं म्हणून, सुरू होणारा छोटा परिच्छेद. बँकेतले लोक आधी तोच वाचतात, तुम्हीही तोच आधी वाचा. त्यात तीनच गोष्टी: रकमेची मर्यादा, हमी कोणत्या तारखेपर्यंत, आणि लेखी दावा कोणत्या तारखेपर्यंत. वरच्या मजकुरात एक तारीख आणि इथे दुसरी, असं सर्रास होतं, आणि त्या एका अंकापायी बीजी परत येते. माझ्या ओळखीच्या एका शाखेतल्या बाई मसुदा घेतल्याबरोबर म्हणायच्या, 'भाऊ, पहिले शेवटचं पान दाखवा जी.' अगदी बरोबर.

मुद्रांकाचं तेवढं बघा: कोणत्या मूल्याचा, कुणाच्या नावाने घ्यायचा, ते बँकेला विचारून घ्या. आधीच्या कामातून उरलेला जुना कागद चालवू नका, महाराष्ट्रात खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद होतो. बीजी कुठल्या बँकेची हवी, तेही मागणीपत्रात असतं. आपल्याकडे पुष्कळ ठेकेदारांचं खातं नागरी सहकारी बँकेत असतं, तिथली हमी महामार्गाकडे सहसा चालत नाही. पतसंस्थेची तर नाहीच.

गोदाममालकाशी भांडा म्हणालो, त्याचं कारण. परवानगी पत्रावर परवानाधारक म्हणून नाव कुणाचं आहे ते बघा. गोदाममालकाचं किंवा वीज कंपनीचं असेल, आणि हमी तुमच्या खात्यातून गेली, तर जबाबदारी त्यांची आणि पैसे तुमचे असा प्रकार होतो. केबल पुढे वीज कंपनीकडे हस्तांतरित होईल, दोन वर्षांनी त्यांचा दुसरा ठेकेदार दुरुस्तीला तिथेच खणेल, आणि रस्ता दबला की पत्र तुमच्या बँकेला येईल. म्हणून परवानाधारकानेच हमी द्यावी, हे पहिलं मागणं. ऐकलं नाही तर कामाच्या करारात तीन वाक्यं घाला: हमीचं कमिशन मालकाचं, तुमच्या दोषाशिवाय हमी वटली तर मालक पंधरा दिवसांत भरपाई देईल, आणि केबल हस्तांतरित झाल्यावर मालक आपली हमी देऊन तुमची सोडवेल. तिसऱ्या वाक्यावर ते कुरकुरतील. तरी अडून बसा.

आता हमी सोडवण्याची तयारी, जी खणण्याआधी सुरू होते. पहिला कुदळ पडण्याआधी पूर्ण मार्गाचा व्हिडिओ काढा, तारीख आणि स्थान दिसेल असे फोटो घ्या. जुने खड्डे, तडे, आधीच्या केबलचे दबलेले पट्टे, सगळे. नागपुरात एकाच रस्त्यावर पाण्याची लाइन, गटार, फायबर, वीज असे चार जण एकामागून एक खणतात, आणि सहा महिन्यांनी कुठला पट्टा कुणाचा ते देवालाही कळत नाही. तो अल्बम कनिष्ठ अभियंत्याला पत्रासोबत द्या आणि आवक क्रमांक घ्या. खणण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर सूचना टाका, ते २०२३ पासून त्यासाठीच आहे. कुणाची पाण्याची लाइन फुटली तर तुम्ही विचारलं होतं याची नोंद राहते.

मग माती. आपल्या काळ्या मातीला पाणी लागलं की ती फुगते, मेच्या उन्हात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चरातून निघालेली तीच माती परत चरात लोटली तर पहिल्या पावसात पट्टा खाली बसणारच. मुरूम आणा, पंधरा-वीस सेंटीमीटरचे थर टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा. ट्रॅक्टर पुढे-मागे नेऊन 'दाबलं' म्हणणारे दबलेले पट्टे मागे ठेवून जातात. प्रत्येक थराचा एक फोटो, पट्टी चरात उभी धरून. शहराच्या गल्लीत सिमेंट रस्ता लागला तर कटर मारून सरळ कड घ्या, ब्रेकरने फोडलेली वेडीवाकडी कड पुढे तडकत जाते. महामार्गाखालून जाताना आडवी बोअर करून जायचं, रस्ता उघडा कापायचा नाही, आणि बोअरच्या दोन्ही तोंडांचे खड्डे विसरायचे नाहीत. सगळ्यांचं लक्ष समांतर चरावर असतं, पण तक्रार येते त्या दोन खड्ड्यांची, कारण ते खोल असतात आणि घाईत बुजवलेले असतात. तुमच्या हमीतले २ लाख त्या क्रॉसिंगचेच आहेत, हे ध्यानात ठेवा.

पावसाळ्यात खोदकामाची परवानगी सहसा थांबते, त्यामुळे मेअखेर भराव पूर्ण झाला पाहिजे असं वेळापत्रक मागून आखा. काम संपल्यावर पूर्णत्वाचं पत्र त्याच दिवशी द्या, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बिघाड निघाला तर तुम्हीच दुरुस्त करायचा तो काळ, त्या तारखेपासून मोजला जातो. पत्र दिलं नाही तर काळ सुरूच होत नाही आणि तुम्ही समजत राहता की एक वर्ष झालं. पाऊस पडला की जुलैत स्वतः फिरून या. जिथे बसलं तिथे मुरूम-खडी टाकून वर घ्या, कुणी पत्र लिहायची वाट बघू नका. संयुक्त पाहणी दिवाळीनंतर मागा. एक पावसाळा झेललेला चर दाखवला की अभियंत्यालाही सही करताना जड जात नाही.

बीजीची मुदत संपायच्या दोन महिने आधी फाइल उघडा. कार्यालयाकडून 'मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या' असं पत्र थेट बँकेला जाऊ शकतं, आणि ते गेलं की बँक तुम्हाला आठवडाभरही देत नाही. पाहणी बाकी असेल तर स्वतःहून मुदतवाढ द्या. त्याचं कमिशन जातं, पण हमी वटल्याची नोंद बँकेत राहिली तर पुढची कुठलीच मर्यादा मिळत नाही. शुअरटी बाँडवाले तर तीच नोंद आधी विचारतात.

सोडवण्याच्या अर्जाला पाहणी अहवाल, पूर्णत्वाचं पत्र, फोटो आणि बीजीची प्रत जोडा. उपअभियंता, कार्यकारी अभियंता, लेखा विभाग, असा फायलीचा प्रवास. बदल्यांच्या हंगामात फाइल नव्या साहेबांकडे पहिल्यापासून सुरू होते, म्हणून एप्रिलच्या आत निकालात काढा. मूळ बीजी लेखा विभागाच्या तिजोरीत असते. तिथला माणूस विचारेल, 'आदेश कुठं हाय? झेरॉक्सवर काहून देऊ मी?' तेव्हा मूळ आदेशाची सही-शिक्क्याची प्रत हातात ठेवा. कार्यालयाने बीजी परत केल्याचं पत्र बँकेच्या नावाने वेगळं घ्या, नुसती मूळ बीजी हाती आली म्हणून बँक ती रद्द करेलच असं नाही. तीन दिवसांनी एफडीवरचं लिएन उठलं का ते नेट बँकिंगमध्ये बघा. मुदतीआधी सोडवली असेल तर उरलेल्या काळाचं कमिशन परत मिळतं का, तेही शाखेत लेखी मागा. काही बँका देतात, पण कुणी मागितल्याशिवाय देत नाही.